नवीन रिव्हॉल्वर, दोन गोळ्या फुटल्या नाही अन् सिलिंडर जाम. दुकानदार हात वर करून रायला, काय करू?

संत्राबाग_वरुड

राजेहो राम राम. मी इथं नुसता वाचणारा माणूस, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. बाबांच्या नावानं लायसन आहे, स्वसंरक्षणाचं. संत्र्याचा धंदा आहे आमचा, आंबियाच्या सीझनमधी व्यापाऱ्याकडून पैसा घेऊन रात्री-बेरात्री यावं लागते, तीन सालाआधी गाडी आडवी लावून बाबाले लुटलं होतं, तेव्हापासून अर्ज, चौकशी, पुन्हा अर्ज करत करत शेवटी लायसन भेटलं. मागच्या महिन्यात .३२ चा रिव्हॉल्वर घेतला. कोरा, डब्यातला, सहा गोळ्यांचा, सिलिंडर बाजूले पडते तसा. कंपनीचं अन् दुकानाचं नाव लिहत नाही, त्यायच्यासंग भांडण अजून सुरूच आहे. लाखाच्या वर गेले. तेवढ्यात विहिरीवरची मोटर नवीन झाली असती असं आई रोज म्हणते ते वेगळंच.

तं झालं असं का परवा वावरात धुऱ्यापाशी मातीचा ढीग घालून आम्ही चालवून पायला. पहिल्या सहापैकी दोन फुटल्याच नाही, नुसतं टक. त्याच दोन घुमवून पुन्हा मारल्या तं एक फुटली, एक मेलीच. दुसऱ्या खेपेले सहा भरल्या, चार बराबर चालल्या अन् पाचव्याले ट्रिगर अर्ध्यात जाम. ना पुढं ना मागं. सिलिंडर हातानं बी घुमेना. आत दोन जित्या गोळ्या अन् मी तसाच धरून उभा, अशी गत झाली बाप्पा का घाम पुसाले बी हात मोकळा नाही. मंग अंगठ्यानं जोर लावून लावून कसाबसा सिलिंडर बाहेर पडला.

गंमत अशी का रिकामा असला का मख्खनसारखा घुमते. गोळ्या भरल्या का जड. दुकानदाराले फोन केला तं म्हणे गोळ्या जुन्या असतीन, वस्तूले काही होत नसते. अरे पण गोळ्या बी तुह्याच दुकानातल्या ना! मी शिलाई मशीनचं तेल सोडलं भरपूर, काडीचा फरक नाही. गावात लेथवाला मिस्त्री आहे, तो म्हणते स्प्रिंग टाइट करून देतो, दोनशे रुपये दे. करून घेऊ काय?

भरमार_ते_बाराबोर

दोनशेत काम होत असन तं करून टाक ना भाऊ. आमच्याइकडं आज्याच्या भरमारचा, म्हणजे तोंडातून बारूद भराच्या बंदुकीचा, घोडा लोहारच बसवून द्यायचा, जिंदगीभर चालली ते. तेवढंच रानडुकरायच्या कामी येईन, आमची तूर तं पुरी लोळवली या साली.

निवृत्त_हवालदार_पुसद

वरच्या भाऊंचं ऐकू नका, हात जोडून सांगतो. भरमार अन् रिव्हॉल्वर एक नाही. अन् स्वसंरक्षणाच्या लायसनवरचा रिव्हॉल्वर डुकरावर चालवायचा नसतो, वनखात्याची परवानगी लागते, आणि .३२ च्या गोळीनं डुक्कर मरत नाही, चिडतं फक्त. मग तुमचंच संरक्षण करायची पाळी.

मी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, नव्हतो पण २४ वर्षांच्या नोकरीत कोतमधे, म्हणजे शस्त्रागारात, बरेच दिवस काढले, म्हणून जेवढं माहीत तेवढंच सांगतो.

गोळी फुटली नाही, टक वाजलं, तर पहिलं काम काहीच करायचं नाही. नळी मातीच्या ढिगाकडेच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं अन् मनात तीस आकडे मोजायचे. कधी कधी बारूद उशिरा पेट घेते. तुम्ही टक झाल्याबरोबर सिलिंडर घुमवून पुन्हा मारला असं लिहिलं, ते नशीब म्हणा. ती उशिरा पेटणारी गोळी असती अन् तेवढ्या वेळात सिलिंडरसोबत नळीसमोरून बाजूला सरकली असती, तर तिथंच फुटली असती. समोर फ्रेमचं लोखंड असतं, नळी नसते. बोटं कुठं जातात मग विचार करा.

दुसरं याच्यापेक्षा वाईट. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, फुस्स झाल्यासारखा, झटका कमी लागला, तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही. बारूद कमी पेटली तर आधीची गोळी नळीतच अडकून बसते अन् मागून दुसरी मारली का नळी फाटते. तुमच्या नऊ गोळ्या चालल्या म्हणता, तर मातीत शिशाच्या नऊ गोळ्या सापडल्या का? हसू नका, आम्हाला मोजायला लावायचे.

जाम झाला तेव्हा हातोडी घेतली नाही हे लय चांगलं केलं. तेल मात्र कायले सोडलं? तेल गोळीच्या मागच्या टिकलीत, म्हणजे प्राइमरमधे उतरलं का ती टिकली मरते. ज्या गोळ्या त्या तेलात लोळल्या त्या आता वेगळ्या ठेवा, भरू नका, दुकानदाराला परत द्या.

अन् आता एक विचारतो. तुम्ही लिहिलं "आम्ही चालवून पायला". आम्ही म्हणजे कोण?

संत्राबाग_वरुड

हवालदार साहेब, तुमी बराबर नस पकडली. पहिल्या सहा बाबानं मारल्या, दुसऱ्या खेपेच्या मी. बाबा बाजूलेच उभे होते, पाच फुटावर. तसं चालते ना?

मातीतल्या गोळ्या मोजाचं आमच्या ध्यानातच नाही आलं. पण नळीत पायलं, रिकामा करून, सिलिंडर उघडा ठेवून, मोबाइलचा टॉर्च मागून मारला, आरपार उजेड दिसते, मधात काही अडकलं नाही.

कोर्टकचेरी_यवतमाळ

नाही चालत.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३. लायसन ज्याच्या नावाचं त्यानंच शस्त्र बाळगायचं अन् वापरायचं. मुलगा असो, जावई असो, सख्खा भाऊ असो, कायद्याले नातं दिसत नाही. त्याच कलमात एक सूट आहे ती नीट वाच, कारण तुह्या कामाची आहे. लायसनधारक हजर असताना किंवा त्याच्या लेखी परवानगीनं दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो, पण फक्त दुरुस्तीसाठी, लायसन नूतनीकरणासाठी किंवा धारकाले वापरासाठी नेऊन देण्यापुरतं. म्हणजे बाबांचं गुडघ्याचं दुखणं असन तं तू त्यांचं सहीचं पत्र अन् लायसनचं पुस्तक घेऊन दुरुस्तीले नेऊ शकतोस. वावरात चार बार उडवणं याच्यात कुठंच बसत नाही. विनालायसन शस्त्र बाळगण्याले २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन अन् जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. अन् शेजारच्या धुऱ्यावर बाया निंदत असल्या अन् त्यायच्या जीवाले धोका होईल असा गोळीबार झाला तं कलम २५ चं पोटकलम ९, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात लायसनधारक बी सुटत नाही. लग्नात बार उडवणाऱ्यायसाठी आणलेली तरतूद आहे ते, पण शब्द निष्काळजी वापराचे बी आहेत.

आता तुह्या मिस्त्रीचं. शस्त्र दुरुस्तीचं वेगळं लायसन असते, कलम ५ खाली. ते नसताना दुरुस्त केलं तं कलम २५(१) नुसार सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. दोनशे रुपयासाठी त्या गरिबाले काऊन लटकवतो? लेथवाला म्हणजे कट्टे बनवणाराच असन असा पोलिसायले आधीच वास येत असते.

रागावलो असं समजू नको. बापानं पोराच्या हातात दिला असे मामले आमच्याकडं दर साली येतात अन् प्रत्येक जण हेच म्हणते का मी बाजूलेच उभा होतो.

रेंजवाला_नागपूर

कायद्याचं झालं, आता मशीनचं बोलू. मी क्लबात मारतो, बंदूक दुरुस्तीचा कारागीर नाही, तेव्हा हे समजून घेण्यापुरतं वाच, स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नको.

तुझी दोन दुखणी वेगळी असू शकतात अन् एकच बी असू शकते. गोळी न फुटण्याची कारणं साधारण तीन. हॅमरची, म्हणजे मागच्या घोड्याची, स्प्रिंग कमजोर, म्हणजे टिकलीवर पिन हलकी लागते. किंवा गोळीची टिकली कारखान्यात पूर्ण दाबून बसवलेली नाही, मग पहिल्या टोल्याचा जोर टिकली आत बसवण्यातच जातो अन् दुसऱ्या टोल्याला ती फुटते. तुझी एक दुसऱ्यांदा फुटली ना, ते याच्याशी जुळतं. किंवा गोळी घरात, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, नीट मागे टेकलेली नाही, पुढे सरकून बसली, मग पिन पोचते पण जोर उरत नाही.

जाम होण्याचं कारण मला तरी दुसरं वाटतं. रिकामा सुरळीत अन् भरला की जड, याचा अर्थ गोळीची बूड मागच्या फ्रेमला घासून राहिली. आता सिलिंडर बाहेर काढ, रिकामा आहे हे दोनदा पाहा, सहाही घरात बोट घालून पाहा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेव, अन् मग तो मधला दांडा दाब. ताऱ्यासारखी पाकळ्यांची चकती वर येते, रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे फुटलेल्या गोळ्यांची टरफलं, ढकलणारी. तिच्या पोटाखाली काय दिसतं ते इथं लिही. अन् हो, हे सगळं बाबांना करू दे.

अजून एक. नऊ पुंगळ्या फेकल्या नसतील तर त्यांच्या मागच्या टिकल्या अन् त्या मेलेल्या गोळीची टिकली बाजूबाजूला ठेवून पाहा. खड्डा मधोमध आहे का कडेला, खोल आहे का नुसता ओरखडा.

संत्राबाग_वरुड

जेवणं झाल्यावर बाबाले बसवलं चष्मा लावून, मी नुसता टॉर्च धरला, कोर्टकचेरी भाऊ नोंद घ्या.

ताऱ्याखाली पायलं अन् आम्ही दोघं बी गार. पिवळं ग्रीस, सुकून मेणासारखं झालेलं, अन् त्याच्यात काळपट बारीक कण चिकटून बसलेले, रव्यात मुंग्या झाल्यावर दिसते ना तसे. माझं तेल त्याच्यावरून वाहून गेलं, खाली उतरलंच नाही. दुकानदारानं देताना वरून फडक्यानं पुसून दिला होता, आतमधी कोणी पायलं? आम्हीबी नाही पायलं, नवीन वस्तू म्हणून डब्यातून काढली का भरली.

पुंगळ्यायचे खड्डे सगळे मधोमध आहेत. फुटलेल्यायचे खोल, मसुराची डाळ बसन येवढे. मेलेलीचा उथळ, दोनदा मारून बी उथळच. आता सांगा.

रेंजवाला_नागपूर

मग जाम व्हायचं कोडं बहुतेक सुटलं. ते पॅकिंगचं ग्रीस, गंज लागू नये म्हणून कारखाना भरतो, वापराआधी साफ करायचं असतं. अर्धवट जळलेल्या बारूदीचे कण त्याला चिकटले, चकती पूर्ण खाली बसेना, तिच्यावर टेकलेल्या गोळ्या केसभर वर राहिल्या अन् मागे घासल्या. पहिल्या सहाला जमले थोडे, दुसऱ्या खेपेला अजून, अन् पाचव्याला बसला ब्रेक. जुना टूथब्रश घ्या, कोरडाच, चकतीखाली अन् ती जिथं टेकते तिथं दोन्हीकडे घासा, फडक्यानं पुसा. पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे करून दांडा एकदाच जोरात दाबायची सवय लावा म्हणजे कण खाली पडतात, चकतीखाली शिरत नाहीत.

खड्डे मधोमध आहेत म्हणजे घर अन् नळी एका रेषेत येऊन राहिली, ही फार मोठी चिंता गेली. पण तो उथळ खड्डा मला पटत नाही. नुसती टिकली वर राहिली असती तर दुसऱ्या टोल्याला खड्डा खोल झाला असता. तो कोणत्या घरात होता आठवतं?

संत्राबाग_वरुड

कोणतं घर ते कसं आठवन, सहाही सारखेच दिसतात.

रेंजवाला_नागपूर

म्हणूनच घरांना नंबर द्यायचे असतात. पोरीचं नेलपॉलिश असेल घरात तर एका घराच्या बाहेरच्या बाजूला बारीक ठिपका द्या, तो एक नंबर, तिथून मोजा. दुखणं एकाच घरात असेल तर दोष सिलिंडरचा, सहाही घरात फिरत असेल तर स्प्रिंग नाहीतर गोळ्या. पण हे घरी मारून पाहायचं नाही आता. जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीचं लायसन असलेला कारागीर शोधा, तो न मारताच सांगेल.

निवृत्त_हवालदार_पुसद

नेताना रिव्हॉल्वर वेगळा, गोळ्या वेगळ्या, लायसनचं मूळ पुस्तक खिशात, झेरॉक्स नाही. एसटीनं जाऊ नका, आपली गाडी काढा. रस्त्यात चहाला थांबलात तर गाडीत ठेवून उतरू नका. अन् चामड्याच्या खोळीत ठेवून कपाटात टाकायची सवय असेल तर सोडा, पावसाळ्यात चामडं ओल धरतं, नवीन निळं पॉलिश दोन महिन्यात लाल होतं. फडक्यात गुंडाळा.

कोर्टकचेरी_यवतमाळ

कारागिराले दाखवायच्या आधी दुकानदाराले लेखी कळव. फोनवर बोललेलं हवेत जाते. बाबांच्या नावानं साधं पत्र, खरेदीची तारीख, बिल नंबर, वस्तूवरचा नंबर, काय झालं ते चार ओळीत, अन् पोस्टानं पोचपावतीसकट टाक, ती पोचपावती हाती आली का फाईलले लाव. त्यात "गोळ्या बी तुमच्याचकडून घेतल्या" हे वाक्य विसरू नको, तो गोळ्यायवर ढकलून रायला ना.

नाहीच ऐकलं तं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आधी १९१५ वर फोन लाव, कधी कधी तेवढ्यानंच दुकानदार नरम येते. नंतर जिल्हा आयोग. पाच लाखापर्यंतच्या वस्तूले तक्रारीची फी लागत नाही अन् आपण राहतो त्या जिल्ह्यात बी दाखल करता येते, दुकान कुठंही असो. मुदत दोन वर्षं. बंदूक असली तरी विकत घेतलेली वस्तूच आहे ते, पंपासारखी, फवाऱ्यासारखी.

एक ध्यानात ठेव. कंपनीनं दुरुस्त करून तोच परत दिला तं ठीक. बदलून दुसरा दिला तं नंबर बदलते, मंग कलेक्टर ऑफिसच्या शाखेत जाऊन लायसनवर नवीन नंबर चढवल्याशिवाय घरी आणू नको. लायसनवर एक नंबर अन् कमरेले दुसरा असं सापडलं तं मंग मले फोन करशील, इथं लिहाले वेळ नाही भेटणार.

भरमार_ते_बाराबोर

मी लोहाराचं लिहलं ते मागं घेतो बाप्पा, सात साल ऐकून पोटात गोळा आला. आज्याची भरमार बी ठाण्यात जमा केली होती मागच्या आचारसंहितेले, अजून आणली नाही. लोहाराले तं आता सांगतोच.

संत्राबाग_वरुड

बारा दिवसांनी लिहून रायलो, माफी. मधात तोडणी सुरू झाली.

ब्रशनं साफ केल्यावर रिकाम्या पुंगळ्या भरून पायल्या, जड जाणं बंद. हे रेंजवाला भाऊंचं शंभर टक्के बराबर निघालं. मंग पत्र टाकलं अन् बाबाले घेऊन जिल्ह्याले गेलो, एक म्हातारे कारागीर आहेत, भिंतीवर लायसन फ्रेम करून टांगलेलं, आधी ते पायलं मंगच आत गेलो. त्यायनं बाबांचं पुस्तक पायलं, नंबर जुळवला, अन् माझ्याकडं पाहून म्हणे तू बाहेर बस. अर्ध्या तासानं आत बोलावलं.

त्यायच्याजवळ काय होतं सांगू? फीलर गेज. पत्र्याच्या पातळ पट्ट्यायचा पंखा, आमचा लेथवाला मिस्त्री बुलेटच्या टॅपेटले लावते तेच! एकेका घरात आमचीच रिकामी पुंगळी ठेवून, सिलिंडर बंद करून, पुंगळीची बूड अन् मागची फ्रेम यायच्या मधात पट्टी घालून पायली. पाच घरात एकच पट्टी जेमतेम सरकते, अडकते म्हणा ना. चौथ्यात दोन पट्ट्या सोबत गेल्या अन् वरून हालत बी होत्या. म्हणे चौथ्या घराची बैठक जास्त कापली गेली, गोळी पुढं जाऊन बसते, पिन मारते पण टोला हवेत जाते. स्प्रिंग एकदम ठणठणीत आहे. म्हणजे मिस्त्रीनं स्प्रिंग टाइट केली असती तं काय झालं असतं, त्या घरात कदाचित फुटली बी असती अन् आम्ही म्हटलं असतं काम झालं.

दुरुस्त करा म्हटलं तं साफ नाही म्हणाले. नवीन सिलिंडर कंपनीच देईन, मी हात लावला तं उद्या तेच म्हणतीन तुम्ही बाहेर खोलून आणला. पण जे पायलं ते आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं, चौथं घर, गेजचं माप, तारीख, सही शिक्का. पैसे किती घेतले माहीत आहे काय, दीडशे. मिस्त्रीच्या दोनशेपेक्षा बी कमी.

ते कागद घेऊन दुकानात गेलो. आधी तोच राग आळवला, गोळ्या जुन्या, तुमचा हात नवीन. बाबानं काही न बोलता लेटरहेड समोर ठेवलं अन् पोस्टाची पोचपावती त्याच्यावर. वाचलं, पुन्हा वाचलं, मंग खुर्ची दिली बसाले. कंपनीले पाठवतो म्हणे, पाच-सहा आठवडे. जमा करून घेतला, पावती दिली. ठाण्यात बी एक अर्ज दिला का शस्त्र दुरुस्तीले दुकानात जमा आहे म्हणून, ठाणेदार म्हणे बरं केलं, असं कोणी सांगत नाही.

बाबा आता रोज संध्याकाळी विचारतात फोन आला काय. आई म्हणते पैसेच मागून घ्या, मोटर बसवू.

निवृत्त_हवालदार_पुसद

शाब्बास. पावतीवरचा नंबर लायसनच्या पुस्तकाशी जुळवून पाहिला का? एकेक आकडा, बोट ठेवून. कारकून घाईत लिहितात.

संत्राबाग_वरुड

आत्ता पायला. शेवटून दुसरा आकडा ३ पाहिजे, त्यानं ८ लिहला. उद्या तोडणीवाल्यायले सुट्टी देऊन पुन्हा दुकानात चाललो, बाबाले घेऊन.